बुर्बाकीचं दुसरं प्रमेय



'गणितज्ञांचे विनोद' असा विषय मी कळवला तेव्हा संयोजकांपैकी एकांनी काळजीनं विचारलं, "तासभर पुरतील एवढे आहेत का?" आहेत. अडचण वेगळीच आहे. हे विनोद सांगायला दोन ओळी लागतात आणि समजावून द्यायला फळा लागतो. आणि समजावून द्यावा लागला की विनोदातला जीव जातो. म्हणून मी जंत्री वाचणार नाही. एकच थट्टा धरून बसणार आहे. ती 1923 साली पॅरिसमध्ये जन्मली, 1931 साली अलीगढमध्ये एका गोव्याच्या माणसाच्या हाती लागली, आणि शंभर वर्षं उलटली तरी अजून चालू आहे.

गोव्याचा माणूस म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. आपल्याकडे कोसंबी म्हटलं की इतिहास आठवतो. कार्ल्याची लेणी, सह्याद्रीतल्या जुन्या वाटा, म्हातोबा आणि बोल्हाईसारखी दैवतं, भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचं 1956 चं ते गाजलेलं पुस्तक. पण पोटापाण्याचा व्यवसाय होता गणिताचा. हार्वर्डहून परतल्यावर बनारस, मग अलीगढ, मग पुण्यात फर्ग्युसन कॉलेज आणि 1945 पासून मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था. पुण्याहून डेक्कन क्वीननं मुंबईला जाऊन-येऊन नोकरी करणारा हा प्राध्यापक गाडीत इतिहासही वाचत असे आणि मूळ संख्यांवरची आकडेमोडही करत असे.

तर 1931 साली अलाहाबादहून निघणाऱ्या, संयुक्त प्रांताच्या विज्ञान अकादमीच्या बुलेटिनमध्ये कोसंबींचा तीन पानांचा एक लेख छापून आला. विषय भूमिती. शीर्षकाचा मराठीत अर्थ असा: बुर्बाकीच्या दुसऱ्या प्रमेयाच्या एका व्यापक रूपाविषयी. हा बुर्बाकी कोण? लेख सांगतो, एक फारसा कुणाला ठाऊक नसलेला रशियन गणिती, क्रांतीच्या धामधुमीत विषबाधेनं मेला. आता असा कुणी रशियन गणिती झाला नव्हता. त्याला कुणी विष घातलं नव्हतं. त्याचं दुसरं प्रमेय नव्हतं, आणि पहिलं तर नव्हतंच नव्हतं. मला या सगळ्या बनावात तो 'दुसऱ्या' शब्द सर्वांत सुरेख वाटतो. 'बुर्बाकीचं प्रमेय' म्हटलं असतं तर एखाद्यानं विचारलं असतं, कोण हा? 'दुसरं प्रमेय' म्हटल्यावर वाचणारा मनातल्या मनात ओशाळतो की पहिलंसुद्धा आपल्याला माहीत नाही, आणि गप्प बसतो.

या उद्योगामागचं डोकं आंद्रे वेय यांचं होतं. वेय फ्रेंच, कोसंबींहून वर्षभरानं मोठे. त्यांना भारतात यायचं होतं, कारण पॅरिसमध्ये सिल्व्हाँ लेव्ही यांच्याकडे ते संस्कृत शिकले होते आणि गीता मुळातून वाचत होते. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू सय्यद रॉस मसूद यांनी त्यांना फ्रेंच संस्कृती शिकवायला बोलवायचं ठरवलं. मग तार आली: फ्रेंच संस्कृतीचं अध्यासन जमत नाही, गणिताचं मोकळं आहे. वेय 1930 च्या सुरुवातीला अलीगढला दाखल झाले, वयाच्या तेविसाव्या वर्षी, थेट विभागप्रमुख म्हणून. त्यांनी गोळा केलेल्या माणसांत दोन नावं आज आपल्याला महत्त्वाची आहेत. एक कोसंबी. दुसरे टी. विजयराघवन, मद्रासकडचे, ऑक्सफर्डला हार्डींच्या हाताखाली तयार झालेले. त्यांची आठवण पुढे लागणार आहे.

वेय यांनी आत्मचरित्रात लिहिलंय की कोसंबींचा त्या वेळी एका सहकाऱ्याशी खटका उडत होता, तेव्हा त्याची जिरवण्यासाठी आपणच हा उपाय सुचवला. सहकाऱ्याला सोडून देऊ. अशी माणसं प्रत्येक विभागात असतात. वेय यांनी दारूगोळा कुठून आणला ते पाहू.

पॅरिसच्या एकोल नॉर्माल सुपेरिएर या नामांकित संस्थेत नव्या मुलांची फिरकी घेण्याची रीत होती. 1923 साली राऊल यूसों नावाच्या वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यानं खोटी दाढी लावली, कुठल्याच देशाचे नसतील असे उच्चार काढले आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना व्याख्यान दिलं. सुरुवात खऱ्या गणितानं, मग पायरीपायरीनं भरकटत जाणारी प्रमेयं, प्रत्येकाला कुठल्या तरी सेनापतीचं नाव. शेवटचं आणि सर्वांत अचाट ते 'बुर्बाकीचं प्रमेय'. खरा जनरल बुर्बाकी 1870-71 च्या प्रशियाविरुद्धच्या युद्धात होता. त्याच्या सैन्याला अखेर स्वित्झर्लंडच्या हद्दीत शिरून शस्त्रं खाली ठेवावी लागली होती.

अशी थट्टा इतर विषयांत पचेल का, याबद्दल मला शंका आहे. इतिहासाच्या वर्गात कुणी तिसऱ्याच पेशव्याचं नाव घुसवलं तर मागच्या बाकावरून आवाज येईल. गणितात येत नाही. गणिताचं पहिलं वाक्यच 'समजा' असं असतं आणि एकदा समजा म्हटलं की पुढचं नाकारायला चूक दाखवून द्यावी लागते. नाव कशाला काय ठेवायचं याचं स्वातंत्र्य पूर्ण, आणि पुढच्या पायरीबद्दलची शिस्त निर्दय. गणितज्ञांचे सगळे चांगले विनोद या दोन गोष्टींच्या मधल्या फटीत राहतात.

केंब्रिजच्या लिटलवुड यांनी स्वतःचाच एक किस्सा नोंदवला आहे. त्यांचा एक निबंध फ्रेंचमध्ये छापला गेला, भाषांतर प्रा. रीस यांनी केलं होतं. शेवटी तीन तळटीपा. पहिलीत रीस यांचे भाषांतराबद्दल आभार. दुसरीत 'वरची तळटीप' भाषांतरित करून दिल्याबद्दल आभार. तिसरीतही 'वरची तळटीप' भाषांतरित करून दिल्याबद्दल आभार. आता चौथी का नाही? कारण दुसरी आणि तिसरी शब्दशः सारख्याच आहेत. फ्रेंचचा गंध नसला तरी दुसरीवरून तिसरी उतरवून घेता येते, तेव्हा तिसरीचे आभार मानायची गरज उरत नाही. एरवीच्या माणसाला हा आभारप्रदर्शनाचा अतिरेक वाटेल. गणित्याला त्यात दिसते ती अनंतापर्यंत जाऊ शकणारी साखळी आणि ती नेमकी कुठे तोडता येते याचं काटेकोर उत्तर.

आता बुर्बाकी. वेय 1932 मध्ये अलीगढ सोडून गेले, मग स्ट्रासबुर्गला शिकवू लागले. तिथे त्यांचे मित्र आंरी कार्तां यांना पाठ्यपुस्तकांचा वैताग आला होता; हे कसं शिकवायचं, ते कसं शिकवायचं, असे प्रश्न ते वेय यांना सतत विचारत. वेय म्हणाले, आपण पाच-सहा जण मिळून एकदाच पुस्तक लिहून टाकू. डिसेंबर 1934 मध्ये पॅरिसच्या एका कॅफेत पहिली बैठक झाली. तीन-चार वर्षांत आटोपेल असा अंदाज होता. लेखक म्हणून नाव कुणाचं घालायचं? यूसोंची दाढी आणि अलाहाबादचं बुलेटिन, दोन्हींची आठवण ताजी होती. नाव ठरलं बुर्बाकी. 1935 मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे या नावानं टिपण पाठवायचं तर पाळण्यातलं नाव हवं; ते एव्हलीन यांनी सुचवलं, निकोला. एव्हलीन पुढे वेय यांच्या पत्नी झाल्या. लेखकाचा परिचयही हवा. तो वेय यांनी रचला: पोल्देव्हिया देशाच्या राजेशाही विद्यापीठातले माजी अध्यापक, सध्या पॅरिसला लागून असलेल्या क्लिशीतल्या कॅफेत पत्त्यांचा डाव शिकवून गुजराण करतात. पोल्देव्हिया नावाचा देश नकाशात नाही. आंरींचे वडील एली कार्तां अकादमीचे सदस्य होते. त्यांनी टिपण सभेपुढे ठेवलं आणि ते छापलं गेलं. गणित चोख होतं, मग लेखक आहे की नाही हा प्रश्न गौण ठरला.

या नसलेल्या माणसाची ग्रंथमाला विसाव्या शतकातल्या गणिताच्या पायाभूत ग्रंथांपैकी आहे. तुमच्या-आमच्या घरापर्यंत ती पोचलेली आहे. नववीच्या पुस्तकात रिक्त संचासाठी जे चिन्ह आपली मुलं 'फाय' म्हणून वाचतात, ते मुळात फाय नाही. नॉर्वेजियन लिपीतलं तिरपी रेघ मारलेलं ओ हे अक्षर आहे, आणि बुर्बाकीच्या मंडळींसाठी ते वेय यांनी निवडलं. काहीच नसलेल्या संचाला चिन्ह दिलं ते कुणीच नसलेल्या लेखकानं, हा योगायोग त्या मंडळींच्या नजरेतून सुटला असेल असं मला वाटत नाही. त्यांच्या ग्रंथांत आणखी एक खूण आहे. जिथे वाचक हमखास घसरतो तिथे समासात नागमोडी चिन्ह, घाटरस्त्यावर 'धोक्याचे वळण' म्हणून पाटी असते तसं.

इथपर्यंत बुर्बाकी एकटा होता. 1938 मध्ये त्याला सोयरीक सापडली. प्रिन्स्टनमध्ये राल्फ बोआस आणि फ्रँक स्मिथीज हे तरुण गणिती मित्रमंडळींत बसून सहारात सिंह कसा पकडावा याच्या गणिती पद्धती रचत असत. त्यांचं संकलन 'अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली' या प्रतिष्ठित मासिकात छापून आलं, लेखक एच. पेतार. त्यातली माझी आवडती पद्धत भूमितीची आहे. गोलाकार पिंजरा वाळवंटात ठेवा. स्वतः आत जा, कडी लावून घ्या. आता गोलाच्या संदर्भात व्युत्क्रमण करा. व्युत्क्रमणाचा नियम असा की बाहेरच्या प्रत्येक बिंदूला आतली जागा मिळते आणि आतल्याला बाहेरची. सिंह आत, तुम्ही बाहेर. दुसरी पद्धत निमेनिम करण्याची: वाळवंटाचे दोन भाग करा, सिंह त्यांतल्या एकात असणारच, त्या भागाचे पुन्हा दोन करा, असं करत गेलं की सिंहाभोवतीचं कुंपण हवं तेवढं लहान होतं. तिसरी पद्धत पदार्थविज्ञानवाल्यांवर कोटी आहे: कुठल्याही क्षणी सिंह पिंजऱ्यात असण्याची संभाव्यता शून्याहून जास्त आहे, तेव्हा बसा वाट पाहत.

यातली एकही पद्धत चुकीची नाही, हे लक्षात घ्या. व्युत्क्रमण खरं आहे, निमेनिम करत जाणं हे तर विश्लेषणातल्या एका मोठ्या प्रमेयाचं हृदय आहे. फक्त सिंह खरा असल्यामुळे घोटाळा होतो. जगाशी गणिताचं लग्न लावताना काय काय गृहीत धरलं जातं, ते या दोन पानी चेष्टेइतकं स्वच्छ मला कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडलेलं नाही.

पेतारचं नाव घेणाऱ्या या मंडळींनी आणखी एक माणूस बनवला होता, ई. एस. पॉन्डिचेरी. आपल्या पाँडिचेरीच्या नावाला स्लाव्ह थाटाचं स्पेलिंग चढवलेला. हे महाशय पोल्देव्हियाच्या राजेशाही संस्थेचे. आद्याक्षरं ई. एस. पी. एवढ्यासाठी की त्या नावानं अतींद्रिय ज्ञानाची टर उडवणारा लेख लिहायचा होता. तो लेख राहून गेला. पण 1944 मध्ये पॉन्डिचेरीच्या नावानं संस्थितीतला एक खरा शोधनिबंध निघाला, आणि आज त्या विषयाच्या पुस्तकांत ह्युइट-मार्चेव्स्की-पॉन्डिचेरी प्रमेय असं नाव छापलं जातं. तिघांतले दोन हाडामांसाचे होते.

मग 1939 मध्ये लग्न ठरलं. बुर्बाकीची कन्या बेट्टी, आणि वर सिंहाचे शिकारी एक्तोर पेतार. वेय आणि मित्रांनी रीतसर निमंत्रणपत्रिका छापली. 'बेट्टी' कशावरून, तर पृष्ठभागाला किती भोकं आहेत हे सांगणाऱ्या संख्यांना बेट्टी संख्या म्हणतात. पत्रिकेतली कोटी न् कोटी अशी दुहेरी विणलेली आहे. सोहळ्याचे पुरोहित पी. आदीक, डायोफँटसच्या पंथाचे. फ्रेंच रिवाजानुसार पी म्हणजे पेर, फादर. पण सलग वाचलं की ते होतं पी-आदीक, संख्यासिद्धांतातल्या एका जगाचं नाव. आदिक हे आडनाव आपल्याकडेही आहे, त्यांनी रागावू नये. ऑर्गन वाजवणार श्री. मोड्युलो. श्लेष ऐकून वाढलेल्या आपल्या कानांना हा खेळ परका वाटू नये. वाक्य एक, अर्थ दोन, आणि दोन्ही अर्थ आपापल्या जागी शुद्ध, ही अट द्विसंधान काव्याचीही होती.

बोआस यांनी पुढे एक उलटी गंमत केली. ब्रिटानिका विश्वकोशाच्या वार्षिक ग्रंथात त्यांनी लिहिलं की बुर्बाकी हे एका गटाचं टोपणनाव आहे. स्वतः पेतार आणि पॉन्डिचेरी जन्माला घालणाऱ्या माणसानं हे लिहावं म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा. बुर्बाकीच्या सहीचं संतापलेलं पत्र संपादकांना गेलं. एवढ्यावर न थांबता बुर्बाकीच्या मंडळींनी कंडी पिकवली की बोआस नावाचा माणूसच नाही, 'मॅथेमॅटिकल रिव्ह्यूज'च्या संपादकांचं ते सामुदायिक टोपणनाव आहे. बुर्बाकीनं अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचं सभासदत्व मागितलं तेव्हा मात्र चिटणीस खमके निघाले. संस्था म्हणून अर्ज करा, म्हणाले. संस्थेची वर्गणी जास्त होती. प्रकरण तिथेच थांबलं.

1968 मध्ये बुर्बाकीच्या निधनाची वार्ता देणारं पत्रकही निघालं. कोट्यांनी ठासून भरलेलं ते पत्रक झाक रूबो यांचं मानतात. रूबो गणिताचे प्राध्यापक आणि कवी, आणि लेखनावर गणिती अटी लादून घेणाऱ्या ऊलिपो या फ्रेंच साहित्यिक गटाचे सदस्य. मोरोपंतांनी ओठांचा स्पर्श न होणाऱ्या अक्षरांत निरोष्ठ रामायण रचलं हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ऊलिपोचं नवल वाटणार नाही. निधनवार्ता अर्थातच खोटी. बुर्बाकीचा एक खंड 2016 मध्येही निघाला, त्यानंतरही काम चालू आहे. गटाचा नियम असा की पन्नाशी गाठली की सभासदानं बाजूला व्हायचं, त्यामुळे हा गृहस्थ म्हातारा होत नाही.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी गेलं. आता 1939 च्या शेवटाकडे परत जाऊ, कारण थट्टा तिथे अंगाशी आली.

वेय सैन्यात जायचं टाळून फिनलंडमध्ये राहिले होते. 30 नोव्हेंबरला रशियानं हेलसिंकीवर बॉम्ब टाकले. त्याच सुमारास रस्त्यावर फिरणाऱ्या या परक्या माणसाला पोलिसांनी हेर समजून पकडलं. घराची झडती घेतली. काय सापडलं? रशियन गणितज्ञ पोंत्र्यागिन यांचं रशियनमधलं पत्र. लघुलिपीतल्या कागदाच्या गुंडाळ्या. वेय म्हणाले, यात बाल्झाकची कादंबरी आहे, आणि ते खरंही होतं, पण युद्धाच्या पहिल्या दिवशी कुठला पोलीस यावर विश्वास ठेवणार? आणि निकोला बुर्बाकी, सदस्य, पोल्देव्हियाची राजेशाही अकादमी, अशी व्हिजिटिंग कार्डं. शिवाय त्याच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिका. जो विनोद अकादमीच्या सभेत खपला, तो ठाण्यात पुरावा झाला.

वेय यांची फिनलंडमधून हकालपट्टी झाली, स्वीडन-इंग्लंडमार्गे ते फ्रान्समध्ये पोचले आणि 1940 मध्ये रूआँच्या तुरुंगात होते. तिथून एप्रिलमध्ये त्यांनी एव्हलीनना पत्र लिहिलं. आपलं गणित कधी नव्हे इतकं छान चाललंय, असं सांगताना त्यांना अलीगढचे विजयराघवन आठवले. विजयराघवन म्हणत असत, मला सहा महिने की वर्षभर तुरुंगात घाला, मी रीमानचं गृहीतक सिद्ध करून दाखवतो.

रीमानचं गृहीतक म्हणजे काय, थोडक्यात सांगतो. मूळ संख्या, म्हणजे दोन, तीन, पाच, सात, अकरा अशा एक आणि स्वतः सोडून दुसऱ्या कशानंही भाग न जाणाऱ्या संख्या, पुढे पुढे विरळ होत जातात. ती विरळ होण्याची गती किती नेमकी सांगता येते याबद्दल 1859 साली बेर्नहार्ड रीमान यांनी केलेला हा अंदाज आहे. तो आजवर कुणाला सिद्ध करता आलेला नाही. पण त्याचं एक भावंड आहे, सांत क्षेत्रांवरच्या वक्रांच्या बाबतीतलं. ते वेय यांनी त्या तुरुंगात सोडवलं. अलीगढच्या गप्पांत फेकलेलं वाक्य असं निम्मं-अर्धं खरं झालं, फक्त तुरुंगात भलताच माणूस गेला.

या गृहीतकाभोवती विनोद फार. सर्वांत प्रसिद्ध हार्डींचा. कोपनहेगनला मित्र हाराल्ड बोर यांच्याकडून इंग्लंडला परतताना समुद्र खवळलेला होता आणि बोट लहान होती. हार्डींनी निघण्यापूर्वी बोर यांना पोस्टकार्ड टाकलं: रीमानचं गृहीतक मी सिद्ध केलं आहे. हिशेब असा. बोट बुडाली असती तर सिद्धता हार्डींबरोबर गेली असं जगाला वाटलं असतं, आणि सिद्धता न ठेवता गेलेल्या फर्माप्रमाणे त्यांना अजरामर कीर्ती मिळाली असती. देव आपला शत्रू आहे अशी त्या नास्तिकाची पक्की समजूत होती, आणि शत्रू एवढा मान आपल्याला मिळू देणार नाही. म्हणजे बोट सुरक्षित. या विनोदात नास्तिकानं देव गृहीत धरला आहे आणि खोट्या विधानावरून खरा निष्कर्ष काढला आहे. परोक्ष सिद्धतेचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

आता त्रिकोणाचा तिसरा कोन, आपले कोसंबी. 1959 मध्ये त्यांनी संभाव्यतेच्या मार्गानं रीमानचं गृहीतक सिद्ध केल्याचा दावा केला. गंभीरपणे. लेख छापला कुठे, तर भारतीय कृषि-सांख्यिकी सोसायटीच्या जर्नलमध्ये. सिद्धता उभी राहिली नाही. गणिताच्या वर्तुळात त्याचं हसं झालं आणि कोसंबींच्या गणिती प्रतिष्ठेला त्यानं मोठा धक्का बसला. 1962 मध्ये टाटा संस्थेतला त्यांचा करार पुढे चालवला गेला नाही. त्यामागे एकच कारण नव्हतं; अणुशक्तीऐवजी सौरशक्तीचा आग्रह धरणारा माणूस त्या घरात तसाही उपरा होता. पण रीमानचा दावा त्यांच्या नावाला चिकटून राहिला.

अलीगढच्या एकाच विभागातल्या या तिघांकडे पाहा. विजयराघवन यांनी गंमत केली, वेय यांनी तिचा काही भाग खरा केला, कोसंबी खऱ्याच्या मागे गेले आणि चेष्टेचा विषय झाले. आणि तेच कोसंबी 1931 मध्ये नसलेल्या माणसाचं नसलेलं प्रमेय लेखात घालून सहज छापून आणू शकले होते. तेव्हा त्या तीन पानांतली भूमिती खरी होती आणि नाव खोटं. 1959 मध्ये नाव खरं होतं आणि गणित तुटलेलं. गणिताच्या न्यायालयात दुसराच गुन्हा गुन्हा असतो.

हा न्याय मला मान्य आहे. पण हसण्याच्या बाबतीत न्याय समान नाही, हेही नोंदवायला हवं. अलेक्सांद्र ग्रोतेंदीक हे बुर्बाकी गटातलेच, विसाव्या शतकातले अव्वल गणिती. त्यांची गोष्ट सांगतात की एका चर्चेत कुणी म्हणालं, एखादी मूळ संख्या घेऊन बघू या. म्हणजे खरीखुरी संख्या? ग्रोतेंदीक म्हणाले. बरं, 57 घ्या. आपल्याकडे पाढे म्हटलेलं पोर सांगेल, एकोणीस त्रिक सत्तावन्न. पण 57 ला आज जगभर 'ग्रोतेंदीकची मूळ संख्या' म्हणतात आणि ते प्रेमानं म्हणतात: हा माणूस इतक्या उंचावर राहायचा की त्याला संख्या दिसत नसत. चूक मोठ्या माणसाची असली की ती दंतकथा होते. ग्रोतेंदीकच्या 57 वर काही उभं नव्हतं आणि कोसंबींच्या दाव्यावर बरंच काही उभं राहणार होतं, हा फरक मी विसरत नाही. तरीही पॅरिसमधल्या चुकीचं कौतुक आणि कृषि-सांख्यिकीच्या जर्नलमधल्या चुकीची टवाळी, यात पत्त्याचाही वाटा होता असं माझं मत आहे.

कोसंबी मात्र थट्टेच्या खेळातून शेवटपर्यंत उठले नाहीत. 1960 च्या दशकात मूळ संख्या आणि संभाव्यता यांवरच काही शोधनिबंध निघाले, त्यांतले काही मुंबई विद्यापीठाच्या जर्नलमध्ये. लेखकाचं नाव फ्रेंच वळणाचं, एस. ड्युक्रे. लिहिणारे कोसंबीच. रोमन अक्षरांत ते नाव बघितलं आणि मराठी-कोंकणी जिभेनं मोठ्यानं वाचलं की जो प्राणी डोळ्यांपुढे येतो, त्याचं नाव या व्यासपीठावरून मी घेत नाही. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणाऱ्या माणसाला आपण काय लिहितोय हे ऐकू आलं नसेल, यावर माझा विश्वास नाही. पॅरिसच्या पोरांनी पोल्देव्हिया वसवला तेव्हा फ्रेंच वाचकाला तो हसवत होता. ड्युक्रेचा विनोद फक्त आपल्यासाठी होता.

आणि तो आपल्यापर्यंत पोचला नाही. मराठीत कोसंबींवर बरंच लिहिलं गेलं, त्यांच्या मार्क्सवादावर, लेण्यांवर, वडिलांशी असलेल्या नात्यावर. गणिताचं प्रकरण आलं की लेखक दोन परिच्छेदांत काढता पाय घेतो. कारण भीती. उच्च गणित मराठीत कुणी बोलत नाही, त्यामुळे त्यात मराठीत कुणी हसतही नाही. मुंबई-पुण्याच्या गणित विभागांत विनोद होतात, भरपूर होतात, मी ऐकले आहेत. पण ते इंग्रजीत होतात आणि व्हरांड्यातच विरतात. शाळेत तर गणिताच्या तासाला हसणं हा शिस्तभंग.

सभागृहात शिक्षक पुष्कळ दिसतात, त्यांना माझी विनंती आहे. संच शिकवताना त्या तिरप्या रेघेच्या ओ मागचा नसलेला माणूस मुलांना सांगा. भूमितीच्या तासाला सिंह पकडायला लावा. पद्धत कुठे फसते हे मुलांनाच शोधू दे, त्यात आठवडा गेला तरी जाऊ दे. आणि कोसंबींच्या चाहत्यांना एवढंच सांगतो. त्यांचे निवडक गणिती लेख रामकृष्ण रामस्वामी यांनी संपादित केले, ते पुस्तक 2016 मध्ये निघालं आहे. कार्ल्याच्या लेण्यांवरचं वाचून झालं असेल तर त्या पुस्तकाकडे वळा, कोसंबींनी बुर्बाकी पहिल्यांदा छापला तो 1931 चा लेख वाचा, आणि मराठीत त्यावर कुणीतरी सविस्तर लिहा.